वरच्या आळीचा कोयता

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगायला आज कुणी उरलेलं नाही. तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, नाव विचारू नका, गोष्ट ऐका.

गाव रानाला लागून होतं. सगळ्यांचं पोट रानावर. बाई असो की बाप्या, घराबाहेर पडताना कमरेला लाकडाची आकडी बांधायची आणि तिच्यात कोयता अडकवायचा, ही तिथली रीत. गावात लोहार दोन. एक वरच्या आळीला, एक खालच्या आळीला. आपण त्यांना वरचा आणि खालचाच म्हणू.

वरचा म्हातारा होता आणि कामाला सावकाश. गिऱ्हाईक आलं की लोखंडाला हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारायचा. काय तोडणार? आणि रानात धार गेली तर कशावर लावणार? मग कोपऱ्यातल्या ढिगातून त्या कामाचं पोलाद निवडायचा. गवत कापणारीला एक, मोळी तोडणाऱ्याला दुसरं. खालच्याला हे सगळं थोतांड वाटायचं. पण लोक जायचे ते वरच्याकडेच.

खालचा कारागीर वाईट नव्हता हो. पण त्याला एक रोग जडला. माणूस समोरून आला की हा त्याच्या तोंडाकडे बघायचाच नाही, कमरेकडे बघायचा. आकडीत वरच्याचा कोयता दिसला की झालं, त्या दिवशी घास गोड लागायचा नाही. सणासुदीला देवळात गेला तरी नजर कमरांवरच. देव बिचारा ताटकळत राहायचा.

आणि एक दिवस त्याला आपल्या बायकोच्याच कमरेला वरच्याचा कोयता दिसला.

टोपलीभर करवंदं देऊन तिनं तो घेतला होता. लपवलंही नव्हतं. त्यानं विचारलं तेव्हा ती सरळ म्हणाली, "तुमचा कोयता गाठीवर बसला की धारेचा टवका उडतो. त्यांचा फार तर वळतो. ओढ्याच्या दगडावर घासला की पुन्हा कामाला लागतो. रानात मी एकटी असते, मला दुसरं काय हवं?"

खरं तेच बोलली, पण ते त्याला विंचवासारखं डसलं.

दुसऱ्या दिवशी तो वरच्याच्या कुडामागे जाऊन लपला आणि फटीतून बघू लागला. म्हाताऱ्यानं कोयता लाल केला, पाण्यात बुडवला, चर्र झालं. इथवर ठीक. पण मग त्यानं तोच कोयता पुन्हा निखाऱ्यांवर धरला. पातं आधी पिवळं झालं, मग निळसर, तेव्हा कुठे बाजूला ठेवला. खालचा मनातल्या मनात नाचला. सापडला! कडक झालेलं पोलाद हा म्हातारा पुन्हा मऊ करतो. म्हणजे याच्यापेक्षा कडक कोयता केला की याचा बाजार उठलाच.

दूरच्या व्यापाऱ्याकडे त्याला हवं तसं पोलाद मिळालं. त्यानं कोयते घडवले, पाणी दिलं आणि दुसरा शेक मुद्दाम दिला नाही. कोयते आरशासारखे चमकले. आठवड्याच्या बाजारात त्यानं चारचौघांसमोर आपल्या कोयत्याचं टोक वरच्याच्या कोयत्यावरून ओढलं. चांगला बोटभर ओरखडा उठला. लोक बघतच राहिले. काहींनी तिथल्या तिथे कोयते बदलले.

वरच्यानं ओरखड्यावरून अंगठा फिरवला. "धार झकास आहे," तो म्हणाला. "हे पोलाद न्हाव्याला दे. रानात नको पाठवूस."

खालचा घरी येऊन पोट धरून हसला. म्हातारा जळतोय म्हणाला. बघा, जळणाऱ्याला दुसरं काही सुचतच नाही. त्याच संध्याकाळी त्यानं बायकोचा जुना कोयता डोहात फेकला, आपला तिच्या आकडीत अडकवला आणि गावात माझं नाक कापू नकोस म्हणून दटावलं.

पुढं थंडीत एका सकाळी ती बायकांबरोबर सरपणाला गेली. उतारावरचा एक वाळका ओंडका सुटला आणि तिच्या पायावर येऊन टेकला. ओंडक्याच्याच एका जाड फांदीनं पाय जमिनीशी दाबून धरला होता. ती तोडली तर पाय सुटणार होता. तिनं कोयता उगारला. तिसऱ्या घावाला पातं काडकन मोडून ओढ्यात पडलं. बाकीच्या बायकांनी ओंडका हलवून पाहिला, पण तो आणखीच खाली सरकला. दोघी गावाकडे धावल्या.

नवरा आला तो आपले दोन कोयते घेऊन. पहिला मोडला. दुसरा मोडला. ओंडका तसूतसूनं पायावर बसत होता आणि ती ओरडायचीही थांबली होती.

मागून धापा टाकत वरचा आला. त्याच्या हातात काळा, ओबडधोबड कोयता होता. त्यानं घाव घातले, धार वळली. ओढ्याच्या दगडावर चार हात मारले, पुन्हा घाव घातले. खालचा बायकोचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याची नजर त्या काळ्या पात्यावरून हटेना. मोडू नको रे, मोडू नको, असं तो पुटपुटत होता. त्याला स्वतःच्या कोयत्याची कधी एवढी काळजी वाटली नव्हती.

फांदी तुटली. बाई वाचली, पण पाय वाकडा जुळला. तिचं रान कायमचं सुटलं. मोळी आणायला आता तो स्वतः जाऊ लागला. बाजारात बदललेले कोयते लोकांनी एकेक करून त्याच्या दारात आणून टाकले.

एके दिवशी तिच्या पायाला तेल चोळताना त्याला रडू फुटलं. म्हणाला, "देवाशपथ सांगतो, तुझ्यासाठी मी सगळ्यात कडक पोलाद निवडलं होतं गं."

"माझ्यासाठी नव्हतं निवडलंत," ती म्हणाली. "वरच्या आळीच्या म्हाताऱ्यासाठी निवडलं होतंत."



म्हणून सांगतो: ज्याच्या हातात हत्यार जाणार त्याचा विचार करून ते घडवावं; ज्याचा हेवा वाटतो त्याचा विचार करून घडवलेलं हत्यार आपल्याच माणसाचा घात करतं.