बेचाळीस पायांची सगुणा

एका जंगलात एक पत्र आलं होतं आणि त्याला उत्तर गेलं नव्हतं. जंगल मोठं होतं, पत्र लहान होतं, आणि उत्तर मला द्यायचं होतं.

मी खवले मांजर. दरबारात कायद्यांचे मसुदे लिहायचं काम मी सव्वीस वर्षं केलं. आमच्या जातीला अंगभर खवले मिळाले आहेत, आवाज मात्र जेमतेम मिळाला आहे. कोणी मोठ्यानं काही विचारलं की आम्ही पोटात डोकं घालून चेंडू होतो. दरबारात माझा चेंडू झाला की संमती धरत, आणि अशा रीतीनं माझ्या संमतीनं बरेच कायदे झाले. आता मी निवृत्त आहे. पेन्शन म्हणून जुन्या दप्तरातली वाळवी मिळते. तिनं खाल्लेले कायदे शेवटी माझ्याच पोटात येतात. पचतात असं म्हणवत नाही.

पत्र यमुनाबाई साळिंदर यांचं होतं. पळसबनाच्या तोंडाशी त्यांचं पत्रावळींचं दुकान होतं. दोन खारी पानं आणत. यमुनाबाई आपल्याच अंगावरचे काटे टाचायला देत. आणि टाचायचं काम करी सगुणा नावाची एक गोम. पानांच्या चवडीवरून ती एकदा चालत गेली की मागे पत्रावळ तयार. नऊ वर्षं ती तिथं होती. जंगलातलं लग्न, बारसं, तेरावं, सगळं यमुनाबाईंच्या पत्रावळींवर होई.

पत्राआधी कायदा सांगायला हवा, कारण पत्र त्याच्यामुळेच आलं.

महाराज रानडुक्कर तेव्हा नुकतेच दुसऱ्यांदा निवडून आले होते. कामगारांना काहीतरी द्यायचं, असं ठरलं होतं. माझ्या मसुद्यात साधं वाक्य होतं. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकानं कामगाराला कमी करताना, त्यानं जितकी वर्षं काम केलं तितक्या पायल्या ज्वारी द्यावी. दहाच्या आतल्या लहान दुकानांत मालकानं आणि कामगारानं मिळून काय ते ठरवावं.

कामगारमंत्री तरस हसले. ते नेहमीच हसत. त्यांना आनंद होत होता असं नाही, घसाच तसा होता.

"दहा?" ते म्हणाले. "महाराज, दहा हा काय आकडा आहे? सभेत दहा म्हटलं तर मागच्या रांगेत ऐकूही जात नाही."

"मग किती म्हणायचं?" महाराजांनी विचारलं.

"कामगार कशावर उभा असतो? पायांवर. आपण पाय मोजू. दहा कामगार म्हणजे चाळीस पाय. आणि ज्वारी दर पायाला द्यायची. कसं भरल्यासारखं वाटतं!"

दरबारातले सगळेच चार पायांचे होते. सगळ्यांनी खाली बघून आपापले पाय मोजले. हिशोब बरोबर आला.

या जंगलात कमी-जास्त पायांचीही प्रजा आहे, हे मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं. "महाराज, एक बारीक शंका..."

"कोण बोललं रे?" महाराज गरजले.

पुढचं मी पाहिलं नाही. मी चेंडू झालो होतो.

दुसऱ्या दिवशी वारुळावर चढून महाराजांचं भाषण झालं. "बंधूंनो, भगिनींनो आणि माझ्या लाडक्या पिल्लांनो! आजवर या जंगलात पाय होते, पण पायांना विचारणारं कोणी नव्हतं. यापुढे एकही पाय वाऱ्यावर सोडला जाणार नाही!" खालून घोषणा झाली, "पायाला पायली, मिळालीच पाहिजे!" ती देतो असं महाराज आधीच म्हणाले होते, पण घोषणा आदल्या दिवशी पाठ करून घेतलेली होती.

कायद्यात एक कलम मात्र माझं राहिलं होतं. सोळावं. शंका आल्यास मसुदा लिहिणाऱ्याचा लेखी खुलासा अखेरचा मानावा. त्यापुढे तरसांनी आपल्या हातानं जोडलं होतं की, खुलासा करणाऱ्यानं तो दरबारात उभं राहून मोठ्यानं वाचावा. त्यांनी मला चांगलं ओळखलं होतं.

यमुनाबाईंनी कायदा सोळाव्या कलमापर्यंत वाचला. जंगलात असं करणाऱ्या त्या एकट्याच असाव्यात. त्यांचं पत्र असं होतं:

"खवलेअण्णांना सप्रेम नमस्कार. ऐरावतशेठनी नदीपलीकडे पत्रावळींचा कारखाना काढल्यापासून माझ्याकडे निम्मंही काम उरलेलं नाही. सगुणाला ठेवणं झेपत नाही. तिला तसं सांगितलं, तिलाही दिसतंच आहे. नऊ वर्षांच्या नऊ पायल्या आणि वर माझी एक, असं आम्हा दोघींचं ठरलंय. तेवढ्यावर ती डोंगरात भावाकडे जाऊन स्वतःचं काही सुरू करेल. पण माझ्या दुकानात पाय पन्नास भरतात. खारींचे आठ, एकट्या सगुणाचे बेचाळीस. मग माझं लहान दुकान की कारखाना? सगुणा एक की बेचाळीस? एका शब्दात कळवलंत तरी चालेल. आपली, यमुना साळिंदर. ता. क. सोबत एक पत्रावळ पाठवते आहे. तिनंच टाचली आहे."

एका शब्दाचं काम होतं. 'बेचाळीस' लिहावं तर ते खोटं. 'एक' लिहावं तर कायदा चुकला आणि चुकताना मी तिथंच गोल होऊन पडलो होतो, हे दरबारात उभं राहून वाचायचं. मी पत्र पत्रावळीखाली ठेवलं आणि पत्रावळीवर वाळवी वाढून घेतली. उद्या लिहू म्हटलं. असे सात महिने गेले.

उत्तर गेलं नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात निरीक्षक गेले.

निरीक्षक म्हणजे बगळेसाहेब. नेमणुकीच्या दिवशी ते सवयीनं एका पायावर उभे होते, म्हणून त्यांना पगार एका पायाचा लागला. दुसऱ्या पायाचा ते दुकानांतून गोळा करीत. पुढचा प्रसंग मला दोन्ही खारींनी सांगितला. त्या एकदमच बोलतात, त्यामुळे सगळं दोनदा ऐकलं.

"किती?" बगळेसाहेबांनी विचारलं.

"तीन," यमुनाबाई म्हणाल्या.

"बाई, मी पाय विचारतोय." मग ते सगुणाकडे वळले आणि चोचीनं मोजू लागले. "नऊ, दहा, अकरा, बारा... अहो, हलू नका!"

"गुदगुल्या होतात साहेब."

"कुठल्या पायाला?"

"तेविसाव्या."

"म्हणजे मी तेविसापर्यंत आलो?"

"नाही, तुम्ही बारावर आहात. तेविसावा पलीकडे. तुमचा पंख लागतोय."

चौथ्या खेपेला बेचाळीस भरले. "अभिनंदन, यमुनाबाई," बगळेसाहेब म्हणाले. "तुम्ही आता कारखानदार. कामगाराच्या प्रत्येक पायाला चप्पल द्यायची. आणि हिला कमी करायचं तर बेचाळीस पाय, नऊ वर्षं, तीनशे अठ्ठ्याहत्तर पायल्या."

"अहो साहेब, माझ्यासकट दुकान विकलं तरी चाळीस येणार नाहीत."

"विकायला परवानगी लागते. बंद करायलाही लागते."

"ती कोण देतं?"

"देत नाहीत."

सगुणा मध्ये पडली. "साहेब, मला दहाच पुरेत. मी लिहून देते, हव्या तितक्या पायांनी सही करते."

"तुम्ही मध्ये बोलू नका," बगळेसाहेब म्हणाले. "कायदा तुमच्या भल्याचा आहे. त्यात तुमचं काय काम?"

"काही मार्ग?" यमुनाबाईंनी हळूच विचारलं. साहेबांनी वर घेतलेला दुसरा पाय सावकाश खाली टेकला. यमुनाबाईंना कळलं, पण घरात मासळी नव्हती.

तिथून बगळेसाहेब नदीपलीकडे गेले. ऐरावतशेठ हत्तींच्या कारखान्यात सातशे साप कामाला होते. ते पानं अंगाखाली दाबत आणि दातांनी टोचून जोडत. त्या पत्रावळींवर जेवलेली काही मंडळी पंगतीतून उठली नाहीत, पण आग्रह फार झाला असेल असं समजून कोणी लक्ष दिलं नाही. साहेबांनी दिवसभर मोजलं आणि वहीत लिहिलं: पाय, शून्य.

शून्य पाय म्हणजे जंगलातलं सगळ्यात लहान दुकान. लहान दुकानांसाठी सरकारी मदत होती, ती ऐरावतशेठना मिळाली. लहान दुकानांना दरबारी मेजवान्यांचं काम राखून ठेवलं होतं, तेही मिळालं. वर्षाचा होतकरू लघुउद्योजक म्हणून महाराजांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हा शिडी लावावी लागली. एखादा साप नको झाला की शेठ टोपली उपडी करत. कायद्याचा कुठेही भंग होत नसे.

हे पाहून इतर दुकानदार शहाणे झाले. सशाच्या गिरणीतले उंदीर तपासणीच्या दिवशी दोन पायांवर उभे राहू लागले. भिंतींवर पाट्या लागल्या, 'कामगार पाहिजेत. पाय नसलेल्यांस प्राधान्य.' लंगड्या लांडग्याला आयुष्यात पहिल्यांदा नोकरी लागली, कारण त्याचे तीनच पाय शाबूत होते. तीन महिन्यांत त्यानं आणखी एक पाय दुमडून बढती मिळवली. वर्षअखेर तरसांनी दरबारात अहवाल वाचला. कामावरून कमी झालेल्या पायांची नोंद शून्य. नोंदीतल्या पायांचीही जवळजवळ शून्य. "महाराज, कामगारांचा प्रश्न सुटला आहे," ते म्हणाले आणि हसले. त्या दिवशी बहुधा खरंच हसले.

यमुनाबाईंच्या दुकानात सगुणानं अडतीस पाय पोटाशी धरून चार पायांनी काम करून पाहिलं. दिवसात अर्धी पत्रावळ झाली. शिवाय पाय लपवल्याबद्दल वेगळी नोटीस आली. मग दुकानाला टाळं लागलं आणि सगुणाच्या तीनशे अठ्ठ्याहत्तर पायल्या वसूल करण्यासाठी येत्या अमावास्येला लिलाव ठरला. बोली लावणारे एकच होते, ऐरावतशेठ. सगुणाचं नाव पटावर असल्यामुळे तिला दुसरीकडे काम धरता येत नव्हतं. ती रोज टाळं लावलेल्या दारासमोर हजेरी द्यायला बसे.

लिलावाला चार दिवस उरले असताना, सकाळीच ती माझ्या बिळाशी आली. मी चेंडू झालो.

"अण्णा," ती म्हणाली, "गोल झालात तरी कान बाहेर राहिलेत."

मी कान आत घेतले.

"आता ऐकू येत नसेल तर मी जवळ येते." आणि ती माझ्या पाठीवर चढली. बेचाळीस पाय खवल्यांवरून चालले की काय होतं ते शब्दांत सांगणं कठीण आहे. मी उलगडलो.

"बाईंचं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं."

"मग?"

"विचार करतोय."

"सात महिने?"

"मी जरा सावकाश विचार करतो."

ती हसली नाही. "बाईंनी काटे विकायला काढलेत अण्णा. अंगावरचे. माझे पैसे फेडायला म्हणे. मी म्हटलं, मी मागितलेत का? तर म्हणतात, तू नाहीस, पण कायद्यानं मागितलेत. पाठ सगळी मोकळी झालीय त्यांची. परवा बिबट्या दुकानावरून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा नमस्कार केला. साळिंदराला कुणी बिबट्या नमस्कार करतो का?"

मी पत्रावळीवरची वाळवी झटकली.

"माझं कुणी बेचाळीस पट भलं करू नये," सगुणा म्हणाली. "मला मोजा. एकदाच मोजा. बास."

ती गेली. मी बराच वेळ उलगडलेलाच बसलो होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. कागद बघितले तर वाळवीनं एकही ठेवला नव्हता. यमुनाबाईंची पत्रावळ तेवढी शाबूत होती, इतकी घट्ट ती टाचलेली होती. तिच्यावरच मी लिहिलं:

"यमुनाबाईंना सप्रेम नमस्कार. सगुणा एक. तुमचं दुकान लहान आहे. तुम्हा दोघींचं जे ठरलं तेच कायद्यानं बरोबर आहे. चूक मसुद्यात होती, मसुदा माझा होता, आणि ती होताना मी गप्प होतो. हा खुलासा सोळाव्या कलमानुसार आहे. लिलावाच्या आधी तो दरबारात दाखवावा. वाचायला मी येतो. उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी."

खाली जुना शिक्का उठवला. तो अजून चालतो.

टपाल पारव्याकडे असतं. तो वडाखाली गठ्ठे बांधत होता. मला पाहून त्यानं मान वाकडी केली. "खवलेअण्णा? तुम्ही आणि टपाल?"

"उत्तर आहे. सात महिन्यांपूर्वीच्या पत्राचं."

"मग घाईचं असणार," तो म्हणाला आणि पत्रावळ उलटसुलट करून वाचू लागला. आमच्याकडे टपाल असंच चालतं. "अहो, हा खुलासा आहे. उभं राहून वाचावा लागेल."

"माहीत आहे," मी म्हटलं. माझे खवले एकमेकांवर वाजत होते, पण मी सरळ उभा होतो.

"आणि सगुणा एक, असं कसं लिहिलंत? तिच्याच मतदानाच्या चिठ्ठ्या घेऊन निघालोय मी. आठ दिवसांवर निवडणूक आली ना." त्यानं गठ्ठा दाखवला. प्रत्येक चिठ्ठीवर सगुणाचं नाव आणि वेगळा अनुक्रमांक होता. "बेचाळीस आहेत. मी स्वतः मोजल्या."

मी गठ्ठ्याकडे पाहिलं.

"दोन्हींवर शिक्का आहे," पारवा म्हणाला. "यातलं सरकारी कुठलं?"

"दोन्ही."

त्यानं माझी पत्रावळ चिठ्ठ्यांवर ठेवली आणि एकाच दोऱ्यानं सगळं आवळलं.

"लिलावाच्या आधी पोचेल ना?" मी विचारलं.

"एरवी नसतं पोचलं," पंख झटकत पारवा म्हणाला. "पण चिठ्ठ्या आजच्या आज घरोघरी द्यायचा हुकूम आहे."