कोल्ह्यांची दारं

फार पूर्वी एका ओढ्याकाठचे खेकडे आपल्या बिळांची दारं स्वतःच चिखलाने थापत. पुढे पलीकडच्या काठावरचे कोल्हे स्वस्तात लाकडी दारं विकू लागले.

"पाटील, अहो, कोल्हे आपल्याला खातात!" म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर!" खेकड्यांचे पाटील हसले. "आपल्या दारांचा त्यांच्याइतका अभ्यास आहे कुणाचा?"

घरोघरी लाकडी दारं बसली. चिखल थापायला पोरांना कुणी शिकवलंच नाही.

एका दुपारी कोल्हे आले. दारं बाहेरूनही अलगद उघडत होती. निम्मं गाव फस्त झालं, त्यात चिखल थापता येणाऱ्या आत्याबाईही गेल्या.

उरलेल्यांची सभा भरली. पाटलांनी कोल्ह्यांकडेच जास्त मजबूत दारं मागवली.

"अवश्य देऊ," कोल्ह्यांचा निरोप आला. "फक्त माप घ्यायला आत यावं लागेल."