रीळ हललंच नाही

निवृत्त मुख्य अभियंता दादासाहेब रेठरेकर रोज सकाळी गॅरेजमध्येच गाडी धुवायचे आणि ती घेऊन क्लबात जायचे. दुपारी त्याच गॅरेजमध्ये कुंदाचा शिवणवर्ग भरायचा. मशीनखाली रोज पाण्याचं डबकं साचलेलं असायचं आणि गिऱ्हाइकांचे परकर भिजायचे.

एके दुपारी दादासाहेब तणतणत आत आले. "गाडीचं पाणी केव्हाच दाराजवळच्या मोरीत जातं. हे तुम्ही बायकांनी सांडलेलं! उद्यापासून वर्ग बंद."

बायका मुकाट्याने मशीनवर झाकणं घालू लागल्या. कुंदाला ते बघवेना.

"दादासाहेब, फरशीतच काही चुकलं नसेल ना?"

"माझ्या फरशीत? स्वतः उभं राहून लेव्हलमध्ये बसवून घेतलीय मी. एका सुताचा फरक दाखव!"

कुंदाने मशीनवरचं रीळ काढलं आणि कोरड्या जागी आडवं ठेवलं. सगळ्या वाकून बघू लागल्या. रीळ हललं नाही.

"बघ!" दादासाहेबांची छाती फुगली. "आहे तिथंच आहे."

"खरंच की," कुंदा म्हणाली. "एवढं गोल रीळ जागचं हलत नाही, मग तुमच्या गाडीचं पाणी मोरीपर्यंत कुणाच्या पायांनी चालत जातं?"

पदरात तोंड लपवून बायका हसल्या.

महिनाअखेरीस दाराकडे उतार देऊन नवी फरशी बसली. आता कुणाच्या हातून रीळ सुटलं की घरंगळत थेट मोरीच्या जाळीशी जातं आणि आतून हाक येते, "दादासाहेब, तेवढं रीळ द्या की!"