दिवाणजी तित्तराचा निवाडा

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा तुमचा आजा नव्हता आणि आज्याची काठीही नव्हती. एका डोंगराच्या पायाशी एक गाव होतं, गावाला लागून मोठा माळ होता, आणि माळावर तित्तरं होती. पहाटे ती अशी काही ओरडायची की कोंबडे लाजून गप्प बसत.

गावात एक रीत होती. लेकीच्या पहिल्या दिवाळीला जावई आला की त्याच्या ताटात तित्तराचा रस्सा पडलाच पाहिजे. नाही पडला तर जावई पाटावरून उठायचा, आणि लेकीला सासरी जन्मभर ऐकावं लागायचं, "तुझ्या बापाला एक पाखरू जमलं नाही." रीत कुणी घातली ठाऊक नाही. बहुतेक कुण्या हावऱ्या जावयानंच घातली असावी.

पण माणसाची जात कशी? जावयासाठी म्हणून फासे लावायचे आणि जावई नसतानाही स्वतःच खायचं. आज पाहुणे आले म्हणून, उद्या पाहुणे गेले म्हणून. होता होता माळ ओस पडायला लागला. राजाच्या कानावर गेलं. त्यानं दवंडी पिटवली: यंदा दिवाळीच्या महिन्यात या गावात फक्त पाच जणांनी तित्तर धरायचं. त्या पाच जणांना तांब्याचे पाच बिल्ले. ज्याच्या गळ्यात बिल्ला नाही आणि हातात फासा सापडला, त्यानं वर्षभर किल्ल्यावर दगड वाहायचे.

बिल्ले वाटायचे कुणी? माळाचा रानराखा येसबा होता, त्यानं. आणि हुकुमाच्या शेपटीला आणखी एक विंचू होता. वाटप असं व्हावं की एकाचीही तक्रार दरबारात येता कामा नये. आली तर येसबाची राखणीची काठी काढून घ्यायची.

येसबा म्हणजे सरळ माणूस, पण सरळ बाभळीसारखा. जवळ गेलं की टोचायचा. बापाची काठी त्याच्या हातात आलेली. ती गेली तर तोंड दाखवायला जागा नव्हती. त्यात त्याची एकुलती लेक सुंद्रा नदीपलीकडच्या गावात दिलेली, आणि यंदाच तिची पहिली दिवाळी!

बायको गोजरा म्हणाली, "पाचातला एक आपला ठेवा, चार वाटा."

"वाढणाऱ्यानं आधी आपलं पान वाढायचं नसतं," येसबा म्हणाला.

"मग जावयाच्या पानात काय, तुमची काठी वाढू? उकडून का तळून?"

बायकोला द्यायला उत्तर नसलं की येसबा माळावर जायचा. त्या दिवशी दोनदा जाऊन आला.

चावडीवर गाव जमलं. येसबा म्हणाला, "ज्याच्या घरी पहिल्या दिवाळीचा जावई येतोय, त्यानंच हात वर करा."

सगळ्या गावानं हात वर केला. पाटलानं तर दोन्ही केले.

"पाटील, तुम्हाला तर सगळे मुलगेच आहेत," येसबा म्हणाला.

"मुलगे आहेत. त्यांना मुली होतील. मुलींना नवरे मिळतील. ते आमचे नातजावई नव्हेत काय? आम्ही तयारी आधीपासून करतो."

कुंभारानं एक टक्कल पडलेला माणूस पुढं ढकलला. "हा माझा जावई."

"अरे, याचं लग्न होऊन याच्या पोरांना मिसरूड फुटायला लागली. पहिली दिवाळी कसली?"

"तेव्हापासून रुसला होता. यंदाच हसलाय."

शेवटी गावचा पहिलवान उठला. हा ब्रह्मचारी. बायको नाही, पोर नाही, आरशात बघून दंड थोपटणारा गडी.

"तुझा जावई कुठून आला रे?" येसबा ओरडला.

"तालीम लेकीसारखी सांभाळलीय मी. जो तालीम सांभाळायला येईल तो जावईच."

येसबानं कपाळाला हात लावला. माणसं खोटं बोलतात, एवढं त्याला त्या दिवशी नव्यानं कळलं. म्हटलं, मग माणसानं निवाडा करायचाच कशाला?

त्याच्याकडं एक पाळलेला तित्तर होता. रानातल्या तित्तरांना बोलवायला पिंजऱ्यात ठेवतात ना, तसला. छाती काढून, मान ताठ ठेवून चालायचा, म्हणून गाव त्याला दिवाणजी म्हणायचं. येसबानं जाहीर केलं, "आठवडे बाजाराच्या दिवशी दिवाणजी निवाडा करील. ज्यानं त्यानं फुटक्या मडक्याच्या एका खापरीवर आपली खूण काढून आणायची. खापऱ्यांवर दाणे ठेवू. दिवाणजी पहिल्या पाच ज्या खापऱ्यांवर चोच मारील त्यांना बिल्ले. पाखराला ना नातं, ना गोतं. तोवर पिंजरा इथंच चावडीपुढच्या लिंबाला टांगतो. उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. म्हणजे कुणी म्हणायला नको की येसबानं घरात नेऊन शिकवला."

सगळ्यांनी मान हलवली. न्याय म्हणजे असा, म्हणाले. आणि घरी जाता जाता प्रत्येकाच्या डोक्यात एकच किडा वळवळला.

तो किडा वाळवीचा होता. तित्तराला वाळवी म्हणजे तुम्हाला पुरणपोळी. दुसऱ्याच दिवशी सकाळी पाटील लिंबाखाली आला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि उपरण्याखालची खापरी काढली. तिच्यावर नांगराची खूण, खुणेवर मूठभर वाळवी. खापरी पिंजऱ्यात सरकवून तो म्हणाला, "दिवाणजी, खूण ओळखून ठेवा बरं."

दिवाणजीनं खूण काही बघितली नाही. वाळवी मात्र चाटूनपुसून खाल्ली.

पाटील वळला, तर मागं कुंभार. कुंभाराच्या हातात खापरी. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पाखराचे हाल होतायत हो उघड्यावर," पाटील म्हणाला.

"म्हणूनच आलो," कुंभार म्हणाला. "भूतदया."

त्या आठवड्यात गावाला भूतदयेचा असा पूर आला की विचारू नका. माणसं घरच्या म्हशीला वैरण टाकायची विसरली, पण दिवाणजीला वाळवी चुकली नाही. पहिलवानानं तर घमेलंच आणलं, वर त्याला दंडबैठका काढून दाखवल्या. आता एवढी वाळवी आली कुठून? माळावरच्या वारुळांतून. नागपंचमीला ज्या वारुळापुढं दूध ठेवून नाक घासलं, तिथंच "नागोबा, माफ कर" म्हणून हात जोडायचे आणि लगेच कुदळ घालायची.

येसबाला हे दिसत नव्हतं असं नाही. रानराखा तो. रोज माळावर एक वारूळ कमी व्हायचं. रोज पहाटेची ओरड थोडी कमी ऐकू यायची. पण तो आपल्याच घोरात. कारण घरात गोजरानं आपल्या भावाच्या नावानं एक खापरी तयार ठेवली होती. खुणेला कासव.

"माझा भाऊ गावचा नाही काय? त्याला बिल्ला मिळाला तर तो बहिणीच्या जावयासाठी एक पाखरू धरून देणार नाही काय? यात तुमचं काय जातं?"

"माझं काही जात नाही," येसबा म्हणाला. आणि बाजाराच्या आदल्या दिवशी कासवाची खापरी धोतराच्या सोग्यात घालून तो माळावर गेला.

बघतो तर काय, माळाला देवी आल्यासारखे खड्डे. एक वारूळ धड नाही. त्या क्षणी रानराख्यानं बोंब मारून गाव गोळा करायला हवं होतं. पण त्याच्या तोंडून निघालं, "चोरांनी मला काही ठेवलंच नाही!" शोधत शोधत तो टेकाडामागं गेला. तिथं एक वारूळ शाबूत होतं. शेवटचं. येसबानं काठीच्या टोकानं ते उकरलं. बापाची काठी, माळ राखायची. तिनंच.

बाजाराचा दिवस उजाडला. सगळं गाव रिंगण करून बसलं. मधे खापऱ्या, खापऱ्यांवर बाजरीचे दाणे. येसबानं पिंजऱ्याचं दार उघडलं. दिवाणजी बाहेर निघाला, म्हणजे निघायला लागला. मुंडी आली, छाती आली, आणि पोट दारात अडकलं. मागं जाईना, पुढं येईना.

"लावा जोर!" पहिलवान ओरडला.

शेवटी कुंभारानं पिंजऱ्याच्या काड्या मोडल्या. दिवाणजी धप्पदिशी रिंगणात पडला. उठला. दाण्यांकडं असं पाहिलं, जसं पंगतीतून उठलेला माणूस शिळ्या भाकरीकडं पाहतो. गावानं शीळ घातली, चुचकारलं, पाटलानं लाडानं हाक मारली. दिवाणजीनं एक ढेकर दिली, दोन पावलं डुलत गेला आणि बसकण मारून झोपला.

आता काय करायचं? येसबानं जवळ जाऊन वाकून पाहिलं. फुगलेल्या दिवाणजीच्या पोटाखाली किती खापऱ्या झाकल्या होत्या? बरोब्बर पाच. एक नांगराची, एक चाकाची, एक मुद्गलाची, एक विळ्याची. आणि एक कासवाची.

"झाला निवाडा," येसबा खाली मान घालून म्हणाला.

कुणी हूं का चूं केलं नाही. करणार कसं? तक्रार करायची तर आधी सांगावं लागलं असतं, "माझी वाळवी खाऊन यानं दुसऱ्याची खापरी झाकली." त्यामुळं दरबारात एकही तक्रार गेली नाही. राजानं उलट शाबासकीचा नारळ धाडला. येसबाची काठी वाचली.

पाच जण गळ्यात बिल्ले घालून माळावर गेले. फासे लावले. रानातल्यांना बोलवायला दिवाणजीला नेलं, तर त्याला दम लागून ओरडता येईना. गेलेले तसेच परत आले. दुसऱ्या दिवशी गेले, परत आले. माळावर एक तित्तर नव्हतं. पीस नव्हतं. बिल्ले मात्र छान वाजत होते.

आणि दिवाळी आली. सुंद्रा आली, मागून जावई आला. गोजरानं दारात ओवाळलं खरं, पण लक्ष चुलीकडं होतं. चुलीवर नुसतं पिठलं होतं. येसबा कोपऱ्यात काठीकडं बघत बसला होता.

जावयानं बगलेतली टोपली खाली ठेवली. टोपलीत काहीतरी फडफडलं.

"हे काय?" येसबानं विचारलं.

"तित्तराची जोडी, मामा. जिवंत आहे. म्हटलं, रिकाम्या हातानं कसं यायचं?"

गोजरानं पदर तोंडाला लावला. "अगं बाई! जावयानं सासऱ्याला तित्तर आणायचं? कुठं ऐकलंय का?"

"अहो आत्याबाई, आमच्याकडं यंदा तित्तरं पायात येतायत. नदीच्या अलीकडून थव्यानं आली. आमच्या माळावर वारुळं आहेत ना मोप. मी आपला विचारात पडलो, तुमच्याकडं काही रोगराई तर आली नाही?"

"आली," येसबा म्हणाला. "भूतदयेची."

जावयाला काही कळलं नाही. सुंद्राला बापाचं तोंड बघून सगळं कळलं.

गोजरा विळी घेऊन पुढं झाली. "बरं झालं, देवच पावला. द्या इकडं, रस्सा टाकते. लेकीची इज्जत राहील."

येसबानं टोपलीवर हात ठेवला. त्याला सुंद्राकडं बघवेना. जोडी कापली तर आज लेकीचं तोंड वर राहत होतं. सोडली तर माळाला पुन्हा बी पडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला काठी जड लागली.

"पावणं," तो जावयाला म्हणाला, "तुमच्या पानात आज पिठलं आहे. पाटावरून उठायचं असेल तर माझ्यावर रुसून उठा. माझ्या पोरीला बोल लावू नका. शेवटचं वारूळ मी उकरलंय."

जावई पाटावर बसला, आणि आणखी ऐसपैस बसला. "मामा, महिनाभर घरात सकाळ-संध्याकाळ तित्तर. जीभ आंबून गेली. पिठलं आहे? देवा! लसूण आहे ना त्यात? आणि भाकरी मोठी मोडा, आत्याबाई."

तो इतकं जेवला की गोजरानं पातेलं खरवडलं. सुंद्रा हसली. तिच्यामागं येसबाही हसला, पण डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी येसबानं टोपली चावडीवर नेली आणि गावापुढं जे होतं ते बोलला. मेव्हण्याची खापरीही दाखवली. पाटील म्हणाला, "मग आमच्या नांगरावरही वाळवी होती." कुंभार म्हणाला, "माझा जावई काही रुसलेला नव्हता." पहिलवान म्हणाला, "मला जावईच नाही." हे शेवटचं गावाला ठाऊक होतं.

जोडी माळावर सोडली. पाचही बिल्ले लिंबाला टांगले. येसबानं ठरवून दिलं: ज्यानं वारूळ मोडलं त्यानं त्याची राखण करायची, आणि वारूळ पाटलाच्या गुडघ्याला लागेपर्यंत बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही. आता पाटील उंच, वारूळ हळू. पण झालं. एका पहाटे माळावर पुन्हा ओरड उठली आणि कोंबडे गप्प बसले.

तोवर गावात कितीतरी जावई आले आणि पिठलं खाऊन गेले. एकही पाटावरून उठला नाही. दिवाणजी मात्र मरेपर्यंत पिठलं पाहून तोंड फिरवायचा. लाच खाल्लेली जीभ, ती अशी थोडीच वळते.

तर लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: वाटा मला कसा मिळेल याची खटपट करण्याआधी, वाटायचं आहे ते जगेल कसं ते बघावं.