उबंटू, मिंट आणि बारशाची आत्या

एका गावात एक आत्या होती. नाव गोदावरी, पण लहानथोर सगळे तिला गोदाआत्याच म्हणायचे. तिच्या धाकट्या भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. भाऊ तिकडं लांब आसामात, चहाच्या मळ्यावर. आणि आत्या इकडं पाय मोडून बसलेली, गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

आता बाळाच्या कानात नाव कुणी सांगायचं? आत्यानं. नाव तिनं ठरवूनही ठेवलं होतं आणि कुणाला म्हणून सांगितलं नव्हतं. पण घरच्या लँडलाइनवर भावजयीचा फोन आला, "वन्सं, तुम्हाला नाहीच जमलं तर माझी मैत्रीण आहे इथं. मानलेली आत्या म्हणून बसेल ती."

मानलेली! त्या दिवशी आत्याला घास गोड लागला नाही.

व्हिडिओवरून नाव सांगता आलं असतं. पण मोबाईलची रेंज टेकडीवर, आणि प्लास्टर टेकडी चढत नाही. घरात वायरचं नेट होतं, भावाचा जुना कॉम्प्युटर होता, त्याला कॅमेराही होता. नडत होती ती आतली जुनी सिस्टीम. व्हिडिओ लावला की ती डोळे पांढरे करायची. आणि बारसं आलं होतं उद्यावर.

आत्याच्या शेजारी दोन शहाणे राहायचे, रघुवीर आणि जयवंत. दोघांच्या घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टीम. आता लिनक्स म्हणजे तांदळासारखं समजा. तांदूळ सगळा तांदूळच, पण एकाला आंबेमोहोर हवा, दुसऱ्याला कोलम. तशाच लिनक्सच्याही जाती. रघुवीर उबंटूवाला, जयवंत मिंटवाला. दोघे आपापले पेनड्राइव्ह घेऊन आले आणि आत्याच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"आत्या, उबंटूच घाला," रघुवीर म्हणाला. "जग वापरतंय. काही अडलं तर शंभर जण उत्तर द्यायला बसलेत."

"आत्याला उत्तरं नकोत रे, कॉल हवाय," जयवंत म्हणाला. "मिंट घाला. खाली कोपऱ्यात मेनू, अगदी जुन्यासारखा."

"जुन्यासारखंच हवं तर जुनंच काय वाईट होतं?"

"तुझं डोकं!"

दुपारपर्यंत हेच. कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही. आत्या दोघांची तोंडं बघत सुपारी कातरत बसली होती. शेवटी तिनं अडकित्ता खाली ठेवला.

"जयवंता, हे आत न भरता नुसतं चालवून बघता येतं ना?"

"येतं की. पेनड्राइव्हवरून चालतं. तुमचं आतलं काही पुसलं जात नाही."

"म्हणजे साडी घेण्याआधी अंगाला लावून बघतात, तसं. मग लावून दाखवा. पण एक अट. रघ्यानं मिंट दाखवायचं आणि तू उबंटू."

दोघांची तोंडं अशी झाली, जशी काही सुनांची अदलाबदल केली.

आधी जयवंत बसला. उबंटू सुरू झालं. चित्रं डाव्या कडेला उभी, ठसठशीत, देखणी. आत्याला आवडली. तेव्हा जयवंतनं काय करावं? पटापट वीसेक खिडक्या उघडल्या, मागे दोन सिनेमे लावले, आणि मग कॉल लावला. चित्र अडकलं.

"बघा आत्या, जड आहे हे," तो हळहळून म्हणाला.

"मेल्या, माझ्या एका खोलीत अख्खी वरात उतरवलीस तर मीसुद्धा अडकेन," आत्या म्हणाली. "बंद कर ती भरताड."

भरताड बंद झाली. मग उबंटू बरं चाललं. जरासं दमत होतं, पण चाललं.

मग रघुवीर बसला. त्यानं मिंटचीही हलकी जात निवडली, जुन्या यंत्राला झेपणारी. त्याला खोडी करता आली असती. कॅमेऱ्याची वायर जरा सैल केली असती तर कुणाला कळलं नसतं. त्यानं वायर उलट घट्ट बसवली, अक्षरं मोठी केली, मराठी लावलं, आणि माऊस आत्याच्या हातात दिला. न सांगता आत्याचा हात खाली कोपऱ्यात गेला. मेनू उघडला. कॉल लागला. पलीकडून भाऊ ओरडला, "आक्का, दिसतेस!"

रघुवीरनं आपला उबंटूचा पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकला. मग म्हणाला, "आत्या, हेच घाला. तुमच्या हाताला हेच सोपं पडतंय. मला माझंच आवडतं, पण बारसं माझं नाही."

"मग भर तूच," आत्या म्हणाली.

"अहो, पण मिंट माझं!" जयवंत म्हणाला.

"मिंट तुझं, पण भरवसा त्याचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आसामात पाळणा सजला. भावानं बाळाच्या कानाशी स्पीकर धरला. इकडं दोन्ही शहाणे शेजारी उभे होते. आत्या पडद्याकडे वाकली, कुर्र्र केलं आणि नाव सांगितलं, "मृदुला." बाळानं डोळे उघडून इकडंतिकडं पाहिलं. मानलेली आत्या तिकडं पेढे वाटत होती.

तेवढ्यात तिकडच्या बायका ओरडल्या, "अहो, पण नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात! आता कोण घालणार?"

"धपाटे ना? पाठ आहे इथं," गोदाआत्या म्हणाली, आणि तिनं जयवंतला पुढं ओढून त्याच्या पाठीत चांगले चार हाणले. आसामातून टाळ्या पडल्या. जयवंत पाठ चोळत हसला, आणि रघुवीरनं आत्याच्या डब्यातला पहिला पेढा त्यालाच दिला.

तात्पर्य: सल्ला मागणाऱ्याच्या हाताला काय सोपं पडतं ते बघावं, आपल्या जिभेला काय गोड लागतं ते नाही; आणि ज्याला दुसऱ्याची चीज चांगली म्हणता येते, त्याच्याच हाती आपली चीज सोपवावी.