नवी होडी भरू द्यायची

"मग निवडणूक पुढे ढकलू की नको?"

उस्ताद हसनमिया होडीकडे बघत होते. कोरी होडी, सकाळच्या भरतीला कमरेएवढ्या पाण्यात उतरवलेली.

याच किनाऱ्यावर इलियास एकेकाळी त्यांच्या हाताखाली रंधा मारायला शिकला होता. आता तो या बेटांच्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष होता. देश अकरा वर्षांचा. निवडणूक पुढे ढकलण्याचा हुकूम छातीवरच्या खिशात तयार होता. सही तेवढी बाकी.

"बंदराच्या धक्क्याआधी शाळा मी बांधल्या. लोक हसले. आज त्याच शाळांतल्या पोरी बंदर चालवतात. नळ आधी डोंगरावर, राजधानीत मागून, तेही मीच ठरवलं. आणि आता हे विरोधातले भांडखोर म्हणतात, आमच्या हाती द्या! उस्ताद, अकरा वर्षांचं पोर घर चालवील?"

"पोराला विचारलंस?"

इलियासच्या बायकोनेही हेच विचारलं होतं. पण बायकोचं ऐकायला काही तो राष्ट्राध्यक्ष झाला नव्हता.

तेवढ्यात त्याला दिसलं… फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येत होतं.

"उस्ताद, गळतेय!"

बुटांसकट तो पाण्यात शिरला. होडीतला डबा उचलून उपसू लागला. जेवढं उपसावं, तेवढं परत येई.

"किती वेळ उपसशील?"

"कोरडी होईस्तोवर."

"आणि दुपारी?"

"मीच उपसेन."

"उद्या?"

"मीच!"

"मेल्यावर?"

डबा हवेतच थांबला…

"सात वर्षं होतास माझ्याकडे," उस्ताद म्हणाले. "नव्या होडीचं काय करतो आपण?"

इलियासने मान खाली घातली. कोरडं लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, फटी आपसूक मिटतात. म्हणून नवी होडी दोन दिवस भरू द्यायची. हात लावायचा नाही. हे तो विसरला नव्हता. त्याला बघवत नव्हतं, एवढंच.

तो ओल्या बुटांनी किनाऱ्यावर आला. उस्तादांनी हात पुढे केला. इलियासने डबा दिला.

उस्तादांनी डबा बाजूला ठेवला. हात पुन्हा पुढे.

इलियासने एकदा होडीकडे पाहिलं, मग खिशातला हुकूम काढून त्या हातावर ठेवला. उस्तादांनी तो न वाचताच डांबर तापवायच्या चुलीत सरकवला.

"तारीख उद्याच जाहीर करतो." इलियासचा आवाज पक्का होता. पण पाय निघेना. होडीत पाणी आता बसायच्या फळीला टेकलं होतं.

"उस्ताद… बुडाली तर?"

"तर आपण होडी बांधलीच नव्हती."