पोपटशेठचा ताकदीचा डबा

प्रोटीन पावडर विकणाऱ्या पोपटशेठनी जत्रेआधी गावातल्या दोन्ही तालमींतल्या पोरींना डबे फुकट वाटले होते. गदेसाठीच्या शेवटच्या कुस्तीत सायरानं वैजूला चीत केलं, तसे शेठ माइक घेऊन थेट आखाड्यात घुसले.

"बघा मंडळी, व्हे प्रोटीनची ताकद! पोरींनो, दूध-भाकरी सोडा, जोर-बैठका कमी करा, नुसता हा डबा प्या! सांग गं सायरा, कशामुळं जिंकलीस?"

सायरानं माइक घेतला आणि वैजूला हात देऊन उठवलं.

"वैजू, तू काय पितेस गं?"

"शेठनी दिलेला डबाच की. रोज."

सायरा हसली. "शेठ, माझी गदा तुमच्या डब्यानं मिळवली असेल, तर हिच्या पाठीला मातीही त्यानंच लावली. आधी ती झटका."